हात फिरवून रायफल कळत नाही

यवतमाळ जिल्ह्यात बंदुकीबद्दल ठाम मत असणाऱ्यांची वानवा नाही. पुसद-उमरखेडकडे स्थायिक झालेले निवृत्त जवान, पोलिस मुख्यालयात आयुष्य काढलेले हवालदार, रानडुकरांपासून पीक वाचवायला परवाना काढलेले शेतकरी आणि रायफल फक्त मोबाइलवर पाहिलेली कॉलेजची पोरं, या सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत असतं. रायफल घ्यावी तर बाहेरची. जर्मन असली तर प्रश्नच मिटला, अमेरिकन चालेल, रशियन दणकट. आणि ईशापूर-कानपूर-तिरुचिरापल्लीचा माल म्हणजे सरकारी काम, कसंबसं उरकलेलं.

या मताला तीन आधार दिले जातात. पहिला डोळ्यांचा आणि हाताचा: देशी रायफलीवर यंत्राच्या रेघा दिसतात, कडा बोचतात, रंग लवकर उडतो, जोड नीट बसलेले नसतात. दुसरा अनुभवाचा: आपल्या सैन्याची देशी रायफल इन्सास कारगिलमध्ये अडकली, नेपाळात अडकली, नक्षलग्रस्त भागातून काढून घ्यावी लागली. तिसरा खरेदीचा: आपलं लष्करच बाहेरून रायफली आणतं, मग वाद कसला? तिन्ही मुद्द्यांत तथ्याचा अंश आहे. निष्कर्ष मात्र तिन्हींतून निघत नाही. उलट त्यामुळे खरा दोषी नजरेआड राहतो.

डोळ्यांपासून सुरुवात करू. आरशासारखी घासलेली, निळसर काळी झाक दिलेली नळी सुंदर दिसते, यात वाद नाही. पण उन्हात चमकणारी नळी जंगलात शत्रूला जागा दाखवते. म्हणून लष्करी रायफलीवर बहुधा फॉस्फेटचा करडा, खरबरीत थर देतात. तो दिसायला गरीब असतो, पण तेल धरून ठेवतो आणि गंज रोखतो. हातावर गुळगुळीत लागणं ही शिकारी बंदुकीची गरज आहे, सैनिकाच्या हत्याराची नव्हे. कलाश्निकोव्हची गोष्ट तर या बाबतीत फारच बोलकी आहे. तिची सुरुवातीची पत्र्याची बॉडी कारखान्यात नीट जमेना, नापास होणारे नग फार. म्हणून सोव्हिएत कारखान्यांनी पोलादाचा ठोकळा कोरून बॉडी करायला सुरुवात केली. ती रायफल घट्ट, जड आणि देखणी. पुढे पत्रा ठोकून वळवण्याचं तंत्र हाती आलं आणि 1959 मध्ये एकेएम आली: साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा, बाहेरून दिसणारे रिव्हेट, ठोकलेली वळणं. कोरीव रायफलीशेजारी ठेवली तर ती गावठी वाटते. पण ती बरीच हलकी होती, झपाट्याने बनत होती आणि तितकीच भरवशाची होती. जगभर पसरली ती या पत्र्याच्या बॉडीची रायफल.

दुसरं उदाहरण आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे राहिलेल्या .303 च्या घराण्यातलं. ली-एनफील्ड कधीच एकाच कारखान्यात बनली नाही. इंग्लंडात एनफील्ड आणि बर्मिंगहॅमची बीएसए, ऑस्ट्रेलियात लिथगो, आपल्याकडे ईशापूर. दुसऱ्या महायुद्धात कॅनडा आणि अमेरिकेतही नंबर 4 बनू लागली. युद्धाच्या घाईत या रायफलींचं फिनिश खालावलं. घासकाम कमी झालं, भाग सोपे केले गेले, नळीत पाचऐवजी दोनच खाचा पाडल्या गेल्या. जाणकार हळहळले असतील. पण चाचणीत या दोन खाचांच्या नळ्या सैनिकी गरजेला पुरेशा अचूक ठरल्या आणि लाखो रायफली तशाच निघाल्या. ईशापूरने आपल्या रायफलीच्या लाकडात मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू घातला. दिसायला तो ठिगळासारखा. पण लाकूड फाटू नये म्हणून घातलेला तो विचारपूर्वक केलेला उपाय होता. फिनिशवरून रायफल जोखणारा माणूस हा स्क्रू पाहून नाक मुरडेल.

मग दर्जा असतो कुठे? जिथे हात पोहोचत नाही तिथे. चेंबरचं माप, बोल्ट बंद झाल्यावर काडतुसामागे उरणारी जागा, नळीच्या आतला क्रोमचा थर, रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या आकड्याची स्प्रिंग, गॅसच्या छिद्राचा व्यास, मॅगझिनचे ओठ. हे सगळं गेजने, मोजमापाने आणि गोळ्या झाडून कळतं. कापसाच्या बाजारात मुरलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. बोंड पांढरंशुभ्र दिसलं म्हणून भाव मिळत नाही. धाग्याची लांबी, ओलावा, मायक्रोनेअर बघितला जातो. रायफलीच्या बाबतीत मात्र आपण रंगावर भाव ठरवतो.

डोळ्यांना काहीच कळत नाही, असं मी म्हणत नाही. माशी तिरकी बसवली असेल, रिव्हेट सैल असेल, दस्ता हलत असेल तर ते बघणाऱ्याला दिसतं आणि ते दोषच आहेत. पूर्व युरोपातल्या काही कारखान्यांच्या एकेमध्ये तिरकी माशी ही जुनी तक्रार आहे. म्हणजे ‘बाहेरची’ हा शिक्काही एकसंध नाही. एकाच नकाशावरून पूर्व जर्मनीत बनलेली एके देखणी, रोमानियात बनलेली ओबडधोबड, असं जाणकार सांगतात. तरी दोन्ही चालल्या. इन्सासला उशीर होत होता तेव्हा, 1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत, भारताने सुमारे 1 लाख एके-जातीच्या रायफली परदेशांतून आणल्या. त्या काही फिनिशसाठी आणल्या नव्हत्या.

परवानाधारकांचा एक वेगळा युक्तिवाद असतो. ते म्हणतात, आमच्या आजोबांची ब्रनो किंवा माउझर आजही सरळ मारते, आणि सरकारी कारखान्याची .315 नवी असूनही बोल्ट घासत चालते. फरक खरा असेल, पण तुलना खोटी आहे. आधी .315 ची गोष्ट. लष्कराचं .303 काडतूस सामान्य माणसाच्या हाती पडू नये, असं इंग्रज सरकारचं धोरण होतं. म्हणून ऑस्ट्रियन मॅनलिकर घराण्यातल्या 8 मिलिमीटरच्या काडतुसावरून ही वेगळी कॅलिबर आली आणि ती ली-एनफील्डच्या यंत्रणेवर बसवली गेली. म्हणजे ही रायफल मुळातच सैनिकी सांगाड्यावरची तडजोड आहे. आता बाहेरच्या बंदुकांचं पाहा. सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली. त्यामुळे आज हातोहात फिरणारी परदेशी रायफल म्हणजे चार-पाच दशकं जपलेली, जाणत्या मालकाने तेल दिलेली, नापास नग केव्हाच भंगारात गेल्यावर उरलेली रायफल. ती निवडून आलेली आहे. तिच्याशी दुकानातून उचललेल्या कोणत्याही नगाची तुलना केली तर निकाल आधीच ठरलेला असतो. त्या काळातल्या सगळ्या ब्रनो आणि सगळ्या .315 शेजारी ठेवता आल्या असत्या तर तुलनेला अर्थ होता.

आता इन्सास. इथे देशी अभिमानाचा झेंडा घेऊन उभं राहणाऱ्यांनी जरा मागे सरावं, कारण तक्रारी खऱ्या होत्या. पुण्यात पाषाणला असलेल्या एआरडीई या संस्थेने 1980 च्या दशकात या रायफलीचा आराखडा केला. त्यात कलाश्निकोव्हचा लांब पिस्टन आणि फिरता बोल्ट होता, एफएएल रायफलीसारखा गॅस नियंत्रक होता, पुढे डावीकडे जर्मन पद्धतीचा कॉकिंग हँडल होता. 1999 च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत प्लास्टिकची मॅगझिनं तडकली, रायफली अडकल्या. तीन गोळ्यांच्या बर्स्टवर लावलेली रायफल सलग फायर करत सुटल्याच्या, तेल उडून फायर करणाऱ्याच्या डोळ्यात गेल्याच्या तक्रारी आल्या. ऑगस्ट 2005 मध्ये नेपाळच्या कालिकोट जिल्ह्यात पिली इथे माओवाद्यांच्या हल्ल्यात 43 सैनिक मारले गेले, तेव्हा नेपाळी सैन्याने इन्सासला दोष दिला. 2015 मध्ये सीआरपीएफने नक्षलग्रस्त भागात इन्सासच्या जागी एके देण्याचा निर्णय घेतला. गडचिरोलीच्या जंगलात जवान काय हातात धरतो, हा प्रश्न विदर्भातल्या कोणालाही परका नाही. म्हणून हे झाकून ठेवणं म्हणजे जवानाशी बेइमानी.

पण यावरून ‘देशी म्हणजे टाकाऊ’ हा निष्कर्ष काढायचा असेल तर तोच नियम बाहेर लावून पाहा. अमेरिकेची एम-16 फिनिशमध्ये देखणी होती. व्हिएतनाममध्ये ती अडकली आणि अडकलेली रायफल हातात घेऊन सैनिक मेले. काडतुसातली दारू बदलली गेली होती, चेंबरला क्रोम नव्हता, साफसफाईचं साहित्य पुरेसं दिलं नव्हतं. ब्रिटनने 1985 मध्ये एसए80 सैन्यात आणली. धूळ लागली की ती थांबे, मॅगझिनचा खटका कपड्याला घासून सुटे, किडे पळवणारं औषध लागलं की प्लास्टिक बिघडे. जर्मनीची जी36 तापली की निशाणा ढळतो, असा वाद तिथल्या संरक्षण मंत्रालयाने उभा केला आणि 2015 मध्ये संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांनी सध्याच्या स्वरूपातल्या जी36 ला जर्मन सैन्यात भविष्य नाही, असं जाहीर केलं. अमेरिका, ब्रिटन, जर्मनी. ‘बाहेरची घ्या’ म्हणणाऱ्यांच्या यादीतली पहिली दोन नावं यात आहेत.

फरक रायफल बिघडली की नाही यात नाही. बिघडल्यावर काय झालं, त्यात आहे. एम-16 ची चौकशी अमेरिकी काँग्रेसच्या समितीने केली आणि 1967 मध्ये कडक शब्दांत अहवाल दिला; चेंबरला क्रोम आला, सफाईचं साहित्य आलं, आणि त्याच रायफलीचे वंशज आजही तिथल्या सैन्याच्या हातात आहेत. ब्रिटनने एसए80 फेकून दिली नाही. 2000 नंतर ती जर्मनीच्या हेकलर अँड कॉखकडे पाठवली, बोल्टपासून मॅगझिनपर्यंतचे भाग बदलून घेतले, आणि तीच रायफल नंतर अफगाणिस्तानात चांगली चालली. जर्मनीत मंत्रालय आणि कंपनी यांचा वाद कोब्लेन्झच्या न्यायालयात गेला आणि 2016 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. कोण बरोबर होतं, यापेक्षा दोष कोणाचा हे उघड्यावर ठरलं, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे नेपाळची तक्रार आली तेव्हा उत्तर काय गेलं? रायफल नीट हाताळली गेली नसावी. वापरणाऱ्याची चूक! हे उत्तर इतक्या सहज देता येतं, कारण आपली व्यवस्थाच तशी रचलेली होती. आराखडा करणारी एआरडीई ज्या संस्थेची ती डीआरडीओ संरक्षण मंत्रालयाखाली, रायफली बनवणारं आयुध निर्माणी मंडळ संरक्षण मंत्रालयाखाली, आणि मालाची तपासणी करणारी डीजीक्यूए ही संस्थाही संरक्षण मंत्रालयाच्याच उत्पादन विभागाखाली. बनवणारा आणि तपासणारा एकाच छपराखाली. त्यात सैन्याला दुसरा विक्रेता नाही, म्हणजे कारखान्याला गिऱ्हाईक गमावण्याची भीती नाही. अशा रचनेत कानपूरच्या जागी बर्मिंगहॅमचे कारागीर आणून बसवले असते तरी माल तसाच निघाला असता. इन्सासवरचा खरा आरोप हा आहे. ‘देशी हातच कच्चे’ म्हणणारा माणूस नकळत या रचनेला वाचवतो, कारण हातच कच्चे ठरले की जबाबदार कोणीच उरत नाही.

आता खरेदीचा मुद्दा. लष्कर बाहेरून घेतं म्हणजे बाहेरचं चांगलं, हे तर्कशास्त्र 2011 च्या निविदेवर घासून पाहू. कॅलिबर बदलता येणारी नवी रायफल हवी म्हणून बाहेरच्या कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. कोल्ट, बेरेटा, चेक कंपनी सीझेड, इस्रायलची आयडब्ल्यूआय अशी मोठी नावं स्पर्धेत होती. चार वर्षांनी, 2015 मध्ये, ती निविदा रद्द झाली. एकही रायफल आली नाही. पुढे 2019 मध्ये अमेरिकेतल्या सिग सॉअर कंपनीकडून 72,400 एसआयजी-716 रायफली तातडीच्या मार्गाने घेतल्या. त्या दणकट आहेत, पण दुर्बीण, पुढची पकड, बायपॉड ही साधनं आपल्याला नंतर वेगळी जमवावी लागली. ‘बाहेरची’ रायफल घेतली की सगळं काम संपलं, असं होत नाही.

एके-203 ने तर देशी-विदेशी ही भिंतच पाडली आहे. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथल्या कारखान्याचं उद्घाटन मार्च 2019 मध्ये झालं, 6,01,427 रायफलींचा करार डिसेंबर 2021 मध्ये झाला. आराखडा रशियाचा, कामगार अमेठीचे. ही रायफल चांगली निघाली तर श्रेय कोणत्या देशाला द्यायचं, आणि खराब निघाली तर शिव्या कोणत्या देशाला? तिकडे पुण्यात 8 जानेवारी 2024 रोजी एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीच्या साथीने ‘उग्रम’ ही 7.62 ची रायफल पुढे आणली. इन्सासवर ज्या संस्थेचं नाव आहे, त्याच संस्थेची ही नवी रायफल. जुन्या अपयशावरून तिला आधीच टाकाऊ ठरवणं जितकं चूक, तितकंच पत्रकार परिषदेतल्या टाळ्यांवरून तिला जागतिक दर्जाची ठरवणंही चूक. दोन्ही बाजूंकडे अजून आकडे नाहीत.

आता देशाभिमानी मंडळींकडे वळू, कारण तेही या वादात तितकेच बेजबाबदार असतात. त्यांच्या मते आपल्या मालावर टीका म्हणजे देशावर टीका. त्यांनी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव आठवावं. 31 मे 2016 च्या पहाटे तिथल्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली, स्फोट झाला. अधिकारी, जवान आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी मेले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होतं, असं कारण पुढे आलं. सुरुंगाच्या बाहेरच्या डब्याला कोणी हात फिरवला असता तर त्याला काय कळलं असतं? काहीही नाही. दोष आत होता आणि तो मालाच्या तुकडीसोबत भांडारापर्यंत आला. वणीच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की भद्रावतीची आयुध निर्माणी, नागपूरला अंबाझरी, पलीकडे भंडारा. विदर्भाला आयुध निर्माणी ही दूरची गोष्ट नाही. इथल्या हजारो घरांची चूल त्यावर पेटते. म्हणूनच तपासणी कडक करा, ही मागणी सर्वांत आधी इथून उठायला हवी होती. दोष दडवल्याने कारखाना वाचत नाही. दडवलेला दोषच एक दिवस आयातीच्या बाजूने पुरावा म्हणून उभा राहतो.

सगळा दोष बनवणाऱ्याच्या माथी मारणारेही मोठी चूक करतात. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके घेऊन आलेल्या दोघांपुढे .303 हातात धरलेले पोलिस उभे होते. देशाने एकच निष्कर्ष काढला: रायफल जुनी होती. ती जुनी होतीच. पण हल्ल्यानंतरच्या राम प्रधान समितीपुढे दारूगोळ्याचा तुटवडा आणि गोळीबाराचा न झालेला सराव हेही प्रश्न आले होते. चांदमारीवर वर्षभर न गेलेल्या हातात जर्मन रायफल दिली तरी ती काय करणार? आपल्या जिल्ह्यातलंच पाहायचं तर राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री टी-1 वाघिणीवर झाडलेली गोळी घ्या. त्या रात्री हत्यार निकामी ठरलं नाही. वाद झाला तो रात्रीच्या मोहिमेवर, बेशुद्धीच्या डार्टवर, नियमांवर, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीनेही नियम मोडल्याचं म्हटलं. उत्तम हत्यार चुकीच्या पद्धतीने वापरलं की काय होतं, ते या जिल्ह्याने पाहिलेलं आहे.

तर मग वेगवेगळ्या कारखान्यांच्या रायफलींची तुलना करायची कशी? पहिली अट, नग कंपनीने निवडून दिलेला नको. भांडारातून कोणताही उचलायचा. दुसरी, सर्वांना एकाच तुकडीची काडतुसं द्यायची, आणि ती आपल्या वरणगावसारख्या कारखान्यातली, कारण जवानाला युद्धात तीच मिळणार आहेत. तिसरी, दहा रायफली खोलून सगळे भाग एकत्र मिसळायचे, पुन्हा दहा रायफली जोडायच्या आणि फायर करायच्या. ज्या कारखान्याचे भाग एकमेकांत बसतात त्याचं माप खरं, बाकी पॉलिश. चौथी, किती राउंडांमागे रायफल थांबली ते मोजायचं: गरम नळीवर, सियाचिनच्या थंडीत, राजस्थानच्या वाळूत आणि आपल्या काळ्या मातीच्या जुलैतल्या चिखलात. पाचवी, हजारो गोळ्यांनंतर नळी किती झिजली ते मोजायचं. अशा चाचण्या लष्कर करतं. पण त्यांचे निकाल लोकांपुढे येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणूनच चौकातल्या माणसाला हात फिरवून निकाल द्यावा लागतो.

सगळंच उघड करणं शक्य नाही हे मान्य. शत्रूला उपयोगी पडेल ते दडवावंच लागेल. पण कोणत्या कारखान्याच्या कोणत्या तुकडीत किती नग परत आले, त्यातले किती दुरुस्त झाले आणि तपासणीची सही कोणाची होती, हे कळल्याने शत्रूचा फायदा होत नाही. झालाच तर निष्काळजी माणसाचा तोटा होतो. 1 ऑक्टोबर 2021 पासून आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याची कंपनी पुण्यात आहे, एक नागपूरला आहे. कंपन्या झाल्या तर कंपनीसारखा हिशेबही द्यायला हवा. विदर्भातल्या खासदारांनी आयात बंद करा किंवा आयात वाढवा या भाषणांऐवजी हा हिशेब संसदेत मागावा. परत आलेल्या नगांचा आकडा एकदा छापून आला की कोणता कारखाना सुधारतो आणि कोणता नाही, ते वर्षभरात दिसेल.

आणि तोवर ‘बाहेरचीच भारी’ म्हणणाऱ्याला, तसंच ‘आपलीच भारी’ म्हणणाऱ्यालाही, एकच प्रश्न विचारावा: किती राउंडांमागे अडकली, आणि ते मोजलं कोणी?